खूनकाकांच्या तेवीस चुका

९ जानेवारी

तेवीस! दोनदा मोजल्या. आधी वाटलं मीच पेंगत वाचलं. पुन्हा सुरुवातीपासून बसले. तेवीसच.

खूनकाकांची शेवटची कादंबरी कालपासून माझ्या टेबलावर आहे. ‘गाळलेलं वर्ष’. नोव्हेंबरात ते गेले – सकाळी दाढी करताना, आरशासमोर. अर्धा गाल साबणाचा तसाच. त्यांच्या लेकीनं कॉम्प्युटरवर ही फाइल पाहिली आणि आमच्या मालकांना पाठवून दिली. पूर्ण आहे. शेवट आहे, खुनी आहे, सगळं जागच्या जागी. फक्त लेखक नाही.

आमच्या प्रकाशनात त्यांना सगळे खूनकाका म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्यांना आवडायचं. अकरा कादंबऱ्या, प्रत्येकीत निदान एक मुडदा, आणि स्वतः असे की मुंगी चालली तर पाय उचलून पलीकडे टाकणार. त्या अकराही मी तपासल्या. तपासणं म्हणजे शुद्धलेखन नव्हे. पहिल्या प्रकरणात डावखुरा असलेला माणूस नवव्यात उजव्या हातानं गोळी झाडत नाही ना, हे पाहणं. रहस्यकथेत असलं एक भोक राहिलं की सगळी हवा जाते.

आणि आमचा खेळ! हस्तलिखित पोचलं की आठवड्यानं फोन यायचा. “बोला इन्स्पेक्टर, किती सापडल्या?” मी म्हणायची, तीन. ते म्हणायचे, “शाबास. मुद्दाम पेरल्या होत्या. तुम्ही जाग्या आहात का बघायला.” दर पुस्तकात तीन, फार तर चार. मी कधी हरले नाही.

आता तेवीस. आणि फोन करणारं कोणी नाही.

१० जानेवारी

नवऱ्यानं पहिली तीन प्रकरणं वाचून खुनी जाहीर केला – पोलीस. दर वेळी पोलीसच म्हणतो. अकरा पुस्तकांत एकदाही पोलीस निघाला नाही, तरी याची श्रद्धा अढळ.

१३ जानेवारी

कथा अशी. नायक लिफ्ट दुरुस्त करणारा. इस्पितळात जागा होतो तर गेलं अख्खं वर्ष डोक्यातून पुसलेलं. उशाशी पोलीस बसलाय. भागीदार एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात मरून पडलेला सापडलाय आणि संशय याच्यावर. याला तर भागीदाराशी भांडण झालं होतं हेही आठवत नाही! मग बायको येऊन त्याला त्याचं वर्ष सांगते. मेहुणा येऊन सांगतो. पोलीस सांगतो. तिघांची तीन वर्षं. कोणीतरी खोटं बोलतंय, आणि ज्याच्याबद्दल बोलतंय त्यालाच पडताळा घेता येत नाही.

काय डोकं होतं म्हाताऱ्याचं!

पण माझी पंचाईत बघा. त्या रात्री मेहुण्याच्या हातात निळी छत्री. चार प्रकरणांनंतर तीच छत्री करडी. आता ही चूक की सुगावा? मेहुणा खोटारडा असेल तर रंग बदलायलाच हवा. मी सरळ ‘निळी’ करून टाकली तर एक सुगावा माझ्याच हातानं मारला. नाही केली आणि ती नुसतीच चूक असली, तर वाचक म्हणतील, म्हातारा शेवटी गंडला.

म्हणून तीन ढीग केलेत. एक, खेळातल्या – मुद्दाम पेरलेल्या. दोन, सुगावे. तिसऱ्या ढिगाला नाव द्यायला हात धजत नाही. कुत्रा एकदा पुढच्या पायानं लंगडतो, एकदा मागच्या. बायको चाळिशीची आहे आणि दहा पानांत पंचेचाळिशीची. भागीदाराची आई दुसऱ्या प्रकरणात वारली आणि सातव्यात दार उघडते! याचा कथेशी काही संबंध नाही. असल्या चुका खूनकाका करत नसत. कधीच नाही.

तिसरा ढीग सगळ्यांत मोठा आहे.

मालक म्हणाले, “बाई, एवढा काय खल करताय? सगळं सारखं करून टाका.” सारखं करून टाका! चादर आहे का ती?

१६ जानेवारी

काकूंकडे जाऊन आले. खूनकाकांच्या पत्नी. तिसरा मजला, लिफ्ट नाही – लिफ्टवाल्यावर कादंबरी लिहिणारा माणूस जन्मभर जिने चढला.

त्यांच्या घरी मी एवढ्या वर्षांत तीन-चारदाच गेले असेन. दार शेजारणीनं उघडलं. आडदांड, हसरी बाई. ती दिवसभर येऊन-जाऊन असते, लेकीनंच सोय लावून दिलीय म्हणे. चहाही तिनंच केला. काकू उठायला लागल्या तर म्हणाली, “बसा तुम्ही, गॅस माझ्या ताब्यात.” काकू निमूट बसल्या. एकट्या पडलेल्या माणसाला असं कोणीतरी हवंच.

खिडकीपाशी त्यांचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, कीबोर्डवर भरतकाम केलेला रुमाल. शेजारी काकूंची खुर्ची. आधी टाइपरायटर आणि नंतर कॉम्प्युटर, सगळ्या कादंबऱ्या काकूंनी टाइप केल्या. ते वहीत लिहायचे, त्या टाइप करायच्या आणि वह्या रद्दीत. दर पुस्तकामागे रद्दीवाल्याला खुनांचा गठ्ठा! मी विचारलं, या वेळची वही कुठं सापडेल का? “रद्दीत गेली असेल,” काकू म्हणाल्या.

काकू टापटीप. केस चापूनचोपून, ब्लाऊजच्या बाहीला रुमाल खोचलेला. बोलायला गोड.

विचारलं, “काकू, मेहुण्याची छत्री कोणत्या रंगाची हो?”

“करडी,” एका क्षणात उत्तर.

“मग निळी कुठनं आली?”

“ते ठरवूनच लिहायचे गं सगळं. चुकायचे नाहीत.”

“तुम्ही वाचलीत ना टाइप करताना?”

हसल्या. “मी? मला खुनाबिनाचं वावडं. बोटं चालायची नुसती. डोकं दुसरीकडे.”

हे खूनकाकाही चारचौघांत सांगायचे – ‘हिनं माझी एक ओळ वाचलेली नाही, म्हणून संसार टिकला!’ सगळे हसायचे. काकूही.

निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. कोण आपली, कोण परकी, दुःखात सगळं जवळचं होतं.

१७ जानेवारी

छत्री करडी. दुसऱ्या ढिगात टाकली. बावीस उरल्या.

२१ जानेवारी

आज माळ्यावर चढले. मालकांनी खालून शिडी धरली आणि वर तोंड करून मला घाबरवायचं काम चोख केलं. “बाई, पडलात तर पुस्तक कोण तपासणार?” माझी नाही, पुस्तकाची काळजी.

जुन्या अकराही कादंबऱ्यांच्या टाइप केलेल्या प्रती तिथं आहेत. माझ्या लाल खुणांसकट. खाली बसून चाळल्या. धूळ एवढी की शिंकून शिंकून जीव गेला. पण काय साफ काम! पानंच्या पानं एक लाल खूण नाही. कुठं तीन, कुठं चार. त्याच त्या खेळातल्या. दोन-दोन पिढ्यांच्या गोष्टी, डझनभर माणसं, आणि कोणाच्या चष्म्याचा नंबरही बदललेला नाही.

मग बारावी शेजारी ठेवली. टायपिंगसुद्धा बिघडलंय. अक्षरं खाल्लेली, कुठं दोन-दोन जागा सोडलेल्या, एक परिच्छेद तर दोनदा. काकूंचे हात थकले असतील.

पण हात थकणं निराळं. माणसाची आई एकदा मरते हे विसरणं निराळं.

आता लिहूनच टाकते, इथं कोण बघतंय. तिसऱ्या ढिगाचं नाव – खूनकाका विसरायला लागले होते. ज्या माणसानं विसरण्यावर कादंबरी लिहायला घेतली, तो स्वतः आतून पुसला जात होता. म्हणून तर विषय सुचला असेल! अकरा पुस्तकांत विष, सुरे, दोर, आणि अचानक स्मरणशक्ती? मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

गेल्या वर्षी फोन करून म्हणाले होते, “इन्स्पेक्टर, या वेळी जरा वेळ लागेल. घरचं काम वाढलंय.” मी हसले होते. खूनकाका आणि घरचं काम!

वाईट वाटतंय. आणि खरं सांगू, एकीकडे गुन्हा उलगडल्यासारखं वाटतंय. लाज वाटण्यासारखं आहे, पण आहे.

२२ जानेवारी

चूक झाली. मालकांना सांगितलं.

त्यांचे डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, मेले. “बाई! अहो, हे मुखपृष्ठावर घेऊ! स्मृती हरवत चाललेल्या लेखकाची स्मृतिभ्रंशावरची अखेरची कादंबरी!” हातांनी हवेत चौकटच आखली.

मी फाडफाड बोलले. म्हटलं, माणूस जिवंत असताना त्यानं हे कोणाला कळू दिलं नाही, आणि आपण त्याच्या माघारी पाटी लावायची? ते म्हणाले, “मग चुकांचं काय सांगणार वाचकांना?” म्हटलं, चुका दुरुस्त करू. “आणि सुगावे?” नेमकं दुखरं बोट धरतात.

शेवटी ठरलं – घरच्यांची परवानगी आणि माझी खात्री, दोन्ही असेल तरच. निवेदन मी लिहायचं. म्हणजे निकाल मी द्यायचा. अकरा पुस्तकं खुनी शोधायला मदत केली, आता त्या माणसाचं डोकं जाग्यावर होतं की नाही हे मी छापून सांगायचं! झोपच उडाली दुपारची.

२६ जानेवारी

लेकीशी फोन झाला. ती खूप लांब असते. तिकडे पहाट होती, आवाज जडावलेला.

आडवळणानं विचारणार होते, पण तीच म्हणाली, “ताई, मलापण शंका होती. बाबा शेवटी शेवटी फोनवर तेच तेच विचारायचे. तू येणार कधी? अगं, आत्ताच सांगितलं ना बाबा! आणि नातवाचं नाव. ‘काय म्हणालीस बाळाचं नाव?’ मोठ्यानं, ओरडून. दर फोनला. मला आधी वाटलं कानानं कमी ऐकू येतंय.”

“आई काय म्हणायची?”

“आई? ती शेजारीच बसलेली असायची. पण फोनवर येतच नव्हती हल्ली. बाबा म्हणायचे ती दमलीय.” मग म्हणाली, “तिलाच तर बिचारीला सगळं निभवावं लागलं असेल ना. बाबा गेल्यावर मी तिकडे गेले तेव्हा किती गप्प होती. एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. नुसती सगळ्यांकडे बघत होती.”

आम्ही दोघी फोनवर रडलो. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, “छापा ताई. लपवण्यासारखं काय आहे त्यात? त्यांनी त्याही अवस्थेत पुस्तक पुरं केलं. मला अभिमानच वाटतो.”

एक परवानगी मिळाली.

२७ जानेवारी

नवऱ्यानं आता पोलीस सोडला. बायको म्हणतोय. “नवऱ्याला त्याचंच आयुष्य सांगते आणि हवं ते गाळते. बायकाच असं करू शकतात.” सकाळी सकाळी! टोस्ट त्याच्या बशीत जरा जोरातच ठेवला.

३० जानेवारी

पुन्हा काकूंकडे. शेजारीण कपडे वाळत घालत होती, दाराला बाहेरून कडी. मला म्हणाली, “वारा फार येतो ना, म्हणून.” कडी काढून आत सोडलं.

काकू खिडकीशी. मला बघून तोंडभर हसल्या, “ये गं, ये. किती दिवसांनी!”

सहज म्हणून छत्रीचं पुन्हा काढलं. “निळी,” म्हणाल्या. तशाच एका क्षणात, तशाच ठामपणे.

म्हटलं, मागं करडी म्हणालात. “हो का?” आणि परत गोड हसू. मलाच ओशाळल्यासारखं झालं. ज्या बाईनं आयुष्यात एक ओळ वाचली नाही तिला मी साक्षीदार करून बसलेय! माझं समाधान व्हावं म्हणून जे सुचेल ते सांगत असणार. मी किती निष्ठुरपणानं प्रश्न विचारते, पोलीस परवडला. छत्रीचं मलाच ठरवावं लागणार.

मग मुद्द्यावर आले. हात हातात घेतला. म्हटलं, “काकू, खरं सांगा. काका शेवटी विसरायला लागले होते ना?”

काकूंनी बाहेर पाहिलं. “विसरायचे,” म्हणाल्या. “फार विसरायचे. चष्मा कपाळावर आणि शोधायचे घरभर.”

“तसं नाही. माणसं, नावं...”

“नावंसुद्धा.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “सांगायचं नाही हं कोणाला. कोणाला कळलं तर घेऊन जातील.”

केवढं सोसलंय या बाईनं! भीती अजून गेलेली नाही. म्हटलं, आता कोणी कोणाला नेणार नाही काकू, ते सुटले. पुस्तकात दोन ओळी घालू का? लोकांना अभिमानच वाटेल. “घाल की,” म्हणाल्या. “पुस्तक छान व्हायला पाहिजे.”

शेजारीण बादली घेऊन दारात उभी होती. काहीतरी म्हणणार होती असं वाटलं. पण काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. मीही घाईत होते.

दुसरी परवानगी.

२ फेब्रुवारी

सुटलं! सगळं सुटलं!

दिवसभर ऑफिसात जमिनीवर पानं पसरून बसले होते. मालक पानं ओलांडत बगळ्यासारखे चालत होते.

खुनी मेहुणा. नवरा पुन्हा हरला! आणि नायक त्याला पकडतो कसा ते बघा. मेहुणा सांगतो, त्या रात्री मी लिफ्टचं जाळीचं दार हातानं ओढून बंद केलं. नायक ऐकतो. काही आठवत नाही. पण त्याचे हात बेचैन होतात. बोटं गादीवरच स्क्रू फिरवायला लागतात. ती इमारत, ती लिफ्ट – त्या गाळलेल्या वर्षात यानंच जाळी काढून आपोआप सरकणारी दारं बसवलेली असतात. डोकं विसरलं, हात विसरले नाहीत! वाचून खुर्चीतच टाळी वाजवली.

म्हणजे मेहुण्याच्या तोंडच्या विसंगती त्या सुगावे – छत्री, चष्मा, दार, वेळ वगैरे. एकूण सहा. त्यांना हात लावायचा नाही. छत्री निळीही आणि करडीही. खेळातल्या तीन मी ठरवल्या आणि काढल्या – म्हणजे ठरवल्याच म्हणायच्या, पूर्वीसारखं कोण सांगणार? उरलेल्या चौदा तिसऱ्या ढिगातल्या. कुत्र्याचा पाय, बायकोचं वय, मेलेली आई. त्या नीट केल्या. एकेक नीट करताना असं वाटलं, आजारी माणसाच्या अंगरख्याची बटणं लावून देतेय.

मग निवेदन लिहायला बसले. एका बैठकीत झालं. ‘ही कादंबरी लिहिताना लेखकाची स्वतःची स्मृती त्यांना सोडून चालली होती. तरीही त्यांनी ती पुरी केली.’ एवढ्याच दोन ओळी, बाकी आभार. मालकांनी वाचलं आणि पहिल्यांदाच काही बदल सुचवला नाही. चष्मा काढून पुसत बसले.

मला वाटतं माझ्या हातून एवढं चांगलं काही लिहून झालं नव्हतं.

३ फेब्रुवारी

नवऱ्याला निवेदन दाखवलं. वाचून म्हणाला, “चांगलं आहे. पण तुला खात्री आहे?”

म्हटलं, पुरावा आहे. चुका आहेत, लेकीची साक्ष आहे, काकूंनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. अजून काय हवं?

“नाही, काही नाही. एक कळत नाही. ज्याला माणसं आठवत नाहीत, त्यानं हा असा शेवट कसा काय बांधला? एक खिळा सैल नाहीये.”

याला रहस्यकथेतलं काय कळतं! म्हटलं, आधी एक खुनी बरोबर ओळखून दाखव. हसला आणि झोपला.

माझ्या डोक्यात किडा सोडून.

४ फेब्रुवारी

विचार केला. शेवट त्यांनी आधी लिहिला असणार, तब्येत बरी असताना. पुष्कळ लेखक तसं करतात. किडा मारला.

९ फेब्रुवारी

छपाईला गेलं. मालकांनी ऑफिसात सगळ्यांना कॉफी पाजली. स्वतःच्या पैशानं! दिवस नोंदवून ठेवण्यासारखा.

२० फेब्रुवारी

वर्तमानपत्रात बातमी. ‘विस्मृतीशी झुंजत लिहिलेली कादंबरी.’ मालक हवेत. दुकानदारांचे फोन थांबत नाहीत, पहिली आवृत्ती दारातूनच संपणार असा रंग आहे. कोणा वाचकानं ऑफिसात फोन करून विचारलं, शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं नाव आठवत होतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटलं नाही. मुंगीला वाट देणारा माणूस. लोक आता त्याच्याकडे कसे बघणार, हे माझ्या दोन ओळींनी ठरलं.

पण खरं ते खरं. लेकीनं लिहून कळवलंय, ‘बाबांना न्याय मिळाला.’

२६ फेब्रुवारी

पुस्तक आलं! शाईचा वास अजून ओला. मुखपृष्ठावर बंद लिफ्टची दारं आणि मधून उजेडाची बारीक रेघ. मागे खूनकाकांचा फोटो, तोच मिश्किल चेहरा, आत्ता फोन उचलून विचारतील, किती सापडल्या?

एकही नाही काका, या वेळी एकही उरू दिली नाही! डोळ्यांत तेल घालून वाचलंय. पहिलं पान तर पाठ झालंय माझं.

उद्या पहिली प्रत काकूंना.

२७ फेब्रुवारी

काकूंनी पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. भराभर. मला वाटलं आता थांबतील. थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पेन्सिल दे गं.” दिली. “ही नर्स इथं दिवा मालवते. मग सात ओळींनी परत कसा मालवते?” खूण केली. पान उलटलं. तिथं आणखी एक. दोन्ही बरोबर! हा हात वर्षानुवर्षं टाइप करताना हेच करत आलेला होता. अकरा वेळा माझ्यापर्यंत तीन-चारच चुका का पोचायच्या, ते आता समोर दिसत होतं.

शेजारीण माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाली, “तीन वर्षं झाली हो यांना विसरायला लागून. काकांनी कोणाला कळू दिलं नाही, लेकीलाही नाही. मला शपथ घातलेली. शेवटचं पुस्तक दोन बोटांनी स्वतःच टाइप करत बसायचे, यांना शेजारी बसवून. लेकीचा फोन आला की यांना ऐकू जावं म्हणून तेच तेच मोठ्यानं विचारायचे.”

काकूंच्या मांडीवर, त्याच पुस्तकात, माझं छापलेलं निवेदन.

काकूंनी पुस्तक उलटं केलं. मागचा फोटो नीट न्याहाळला, कोणा अनोळखी माणसाचा बघावा तसा.

“लिहितो बरा गं हा,” म्हणाल्या. “पण याच्या घरी वाचून देणारं कोणी नाही वाटतं.”